संगणकाचा आवाज का फाटतो? एका खरखरीची चौकशी

आमच्या विद्यालयाच्या संगणक कक्षात दहा संगणक आहेत. मुंबईतील एका दात्याने आपल्या कार्यालयात वापरून झालेले हे संगणक काही वर्षांपूर्वी विद्यालयास दिले. इतिहास शिकविणाऱ्याकडे संगणक कक्षाची जबाबदारी कशी आली, असा प्रश्न माजी विद्यार्थी आम्हांस नेहमी विचारतात. त्याचे उत्तर साधे आहे. यंत्रे आली त्या वेळी शिक्षकवृंदात एमएस-सीआयटीचे प्रमाणपत्र असलेले आम्ही एकटेच होतो. पुढे प्रमाणपत्रे अनेकांना मिळाली, किल्ली मात्र आमच्याचकडे राहिली.

करोनाची टाळेबंदी उठल्यानंतरच्या पहिल्या पूर्ण शैक्षणिक वर्षात घडलेली एक घटना या लेखास कारण झाली आहे. बाहेरून आलेल्या एका मूल्यमापन पथकाने आमच्या सहावी-सातवीच्या विद्यार्थ्यांची इंग्रजी श्रवणचाचणी संगणकावर घेतली. चाचणी खेळाच्या स्वरूपात होती. पडद्यावर वरून चित्रे खाली येत, पार्श्वसंगीत वाजे, एक स्त्रीचा आवाज शब्द उच्चारी आणि चित्र तळाशी पोचण्यापूर्वी विद्यार्थ्याने योग्य चित्र निवडायचे. मुलांना खेळ आवडला, गुण मात्र फार कमी पडले. पथकाने आपल्या अहवालात असा निष्कर्ष लिहिला की, निवासी विद्यार्थ्यांची, विशेषतः वाड्या-वस्त्यांवरून आलेल्यांची, श्रवणक्षमता अपेक्षेपेक्षा कमी आहे. त्या अहवालाखाली ‘वाचले’ म्हणून आम्हीही सही केली. ही गोष्ट लिहिताना आजही संकोच वाटतो.

त्यानंतर आठवड्याने कर्जतच्या डोंगरपट्ट्यातील एका ठाकूरवाडीवरून आलेली सहावीची मुलगी कक्ष बंद करण्याच्या वेळी दारात थांबली आणि म्हणाली, “सर, ती बाई शब्द गिळते.” आम्ही विचारले, “कोणती बाई?” “खेळातली. पण सातव्यावर नाही गिळत.”

सातवा म्हणजे खिडकीजवळचा संगणक क्रमांक ७. आम्ही त्याच संध्याकाळी चाचणीच्या दिवशीचा हजेरीपट काढला. कोण कोणत्या यंत्रावर बसले हे लिहून ठेवण्याची आमच्या कक्षात प्रथा आहे. मूळ हेतू माउस कोणी तोडला हे कळावे एवढाच. गुणांची यादी आणि आसनांची यादी शेजारी शेजारी ठेवली, तेव्हा ज्यांना बरे गुण होते ती मुले बहुतेक सातव्या आणि दहाव्या यंत्रावर बसलेली निघाली. त्यांत वाडीवरची मुले होती, गावातली होती, खोपोलीच्या कामगार वस्तीतलीही होती. इतिहासाच्या विद्यार्थ्याला साधनाचे बाह्य परीक्षण आणि अंतर्गत परीक्षण असे दोन टप्पे शिकविले जातात. कागद काय सांगतो हे पाहण्याआधी तो कागद कोठून, कशा अवस्थेत आला हे पाहावे. आम्ही मुलांचे उत्तर तपासले होते, प्रश्न त्यांच्या कानांपर्यंत कोणत्या अवस्थेत पोचला हे तपासलेच नव्हते.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिसऱ्या यंत्रावर हेडफोन लावून तो खेळ स्वतः खेळलो. शब्दांच्या मध्ये तडतड होत होती आणि मधूनच आवाज तुटत होता. त्याच यंत्रावर त्याच हेडफोनने सायंवंदनेची ध्वनिफीत लावली, तर ती अगदी स्वच्छ वाजली. हेडफोन बिघडलेला नाही, ध्वनीची चिपही मेलेली नाही, बिघाड खेळ चालू असतानाच होतो, एवढे या एका प्रयोगाने निश्चित झाले. ज्या वाचकांच्या घरी जुना संगणक आहे आणि मुले खेळ लावताच आवाज फाटतो अशी तक्रार करतात, त्यांनीही आरंभ येथूनच करावा. दुकानात जाऊन नवे स्पीकर आणणे हा उपाय सर्वांत शेवटी येतो.

आता असे का होते हे समजण्यासाठी आवाज संगणकात कसा साठविला जातो ते पाहू. ध्वनी ही हवेतील लाट आहे. संगणक त्या लाटेची उंची ठरावीक अंतराने मोजून आकड्यांत लिहून ठेवतो. १९८२ साली बाजारात आलेल्या कॉम्पॅक्ट डिस्कसाठी हे मोजमाप एका सेकंदात ४४,१०० वेळा घ्यायचे ठरले. मनुष्याच्या कानाला साधारण वीस हजार कंपनांपर्यंतचा स्वर ऐकू येतो आणि तो नोंदवायचा तर मोजमापे त्याच्या दुपटीहून अधिक हवीत, हे त्यामागील गणित. प्रत्येक मोजमाप १६ बिटांत लिहिले जाते, म्हणजे उणे ३२,७६८ ते अधिक ३२,७६७ या मर्यादेतील एक आकडा. आवाज ऐकविताना हे आकडे त्याच वेगाने एका चिपकडे पाठवावे लागतात आणि ती चिप त्यांचे पुन्हा विजेच्या लाटेत रूपांतर करते.

पूर्वी हे काम स्वतंत्र कार्ड करीत असे. १९८७ चे कॅनडातील ॲडलिब, १९८९ चे सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीचे साउंड ब्लास्टर ही नावे ज्यांनी नव्वदच्या दशकात संगणक पाहिला त्यांना आठवतील. १९९७ मध्ये इंटेलने एक मानक प्रसिद्ध केले आणि मदरबोर्डवरच एक लहानशी स्वस्त चिप बसवून काम भागू लागले. २००४ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती आली. आज बहुतेक साध्या संगणकांत हीच अंगभूत व्यवस्था असते. आमच्या यंत्रांतील चिपवर खेकड्याचे चिन्ह आहे. ते तैवानच्या रिअलटेक कंपनीचे. मुलांना झाकण काढून चिप दाखविली तेव्हा वाडीवरच्या मुलांनी तिचे नाव लगेच ‘मुठा’ ठेवले. पहिल्या पावसात ओढ्याकाठी मुठे धरणाऱ्यांना ते चिन्ह ओळखायला सांगावे लागले नाही.

स्वस्ताईची किंमत मात्र कोठेतरी द्यावीच लागते. ही चिप स्वतः फारसा विचार करीत नाही. संगीत, शब्द, टाळ्यांचा आवाज यांची बेरीज करणे, त्यांचा वेग जुळविणे, पातळी ठरविणे ही सारी कामे संगणकाचा मुख्य प्रोसेसर करतो आणि तयार आकडे चिपच्या हाती देतो. वंदना ऐकताना प्रोसेसरला दुसरे काम नसते. खेळात तोच प्रोसेसर चित्रे हलवितो, टकरा मोजतो, कळ दाबली का ते पाहतो आणि त्यातूनच वेळ काढून आवाजाचे आकडेही पुरवितो.

हा पुरवठा अखंड राहावा म्हणून मध्ये एक साठवण असते, तिला बफर म्हणतात. आम्ही मुलांना वसतिगृहातील रांजणाचे उदाहरण देतो. वरून नळ रांजणात पाणी सोडतो, खालच्या तोटीतून ते एका धारेने वाहते. नळ दोन मिनिटे बंद पडला तरी रांजण मोठा असेल तर तोटीची धार तुटत नाही. गाणे वाजविताना संगणक मोठा रांजण वापरतो. पुढचे काही क्षण काय वाजायचे आहे ते त्याला आधीच ठाऊक असते. खेळाची गोष्ट वेगळी आहे. मुलाने कळ दाबली की आवाज तत्क्षणी यायला हवा, अर्ध्या सेकंदाने आला तर खेळाची गोडीच जाते. म्हणून खेळ रांजणाऐवजी तांब्या वापरतो. विंडोज साधारणपणे दर १० मिलिसेकंदांनी, म्हणजे सेकंदाच्या शंभराव्या हिश्श्याने, एकेक लहान हप्ता चिपकडे धाडते. सेकंदाला ४८,००० मोजमापांच्या वेगाने त्या हप्त्यात ४८० आकडे असतात. प्रोसेसर दुसरीकडे गुंतला आणि हप्ता वेळेवर तयार झाला नाही, तर तांब्या रिकामा होतो. लाट मध्येच तुटते आणि पुन्हा एकदम सुरू होते. त्या तुटण्याच्या कडेचा आवाज म्हणजे तड. अशा तडा लागोपाठ येऊ लागल्या की तिला आपण खरखर म्हणतो.

आता येथे शब्दाचे काय होते ते पाहावे, कारण आमच्या मुलांचा प्रश्न नेमका तेथे आहे. ‘पिन’ आणि ‘बिन’ या इंग्रजी शब्दांतील भेद पहिल्या व्यंजनाच्या काही थोड्या दशक मिलिसेकंदांत सामावलेला असतो. ओठ उघडतानाचा जो लहानसा स्फोट होतो तो तर दहा-वीस मिलिसेकंदांतच आटोपतो. नेमका तेवढाच तुकडा गळाला, तर उरलेल्या ‘इन’वरून प होता की ब होता हे कोणी सांगावे? उलटही घडते. ध्वनिशास्त्रातील एका जुन्या प्रयोगात ‘स्लिट’ या शब्दाच्या ध्वनिमुद्रणात स नंतर क्षणभराची शांतता घातली, तेव्हा ऐकणाऱ्यांना तो ‘स्प्लिट’ असा ऐकू आला. नसलेला प शांततेतून उत्पन्न झाला. ज्यांच्या घरी इंग्रजी बोलले जाते ती मुले अशा वेळी गळलेला तुकडा सवयीने मनातल्या मनात भरून काढतात. ज्यांनी तो शब्द आयुष्यात प्रथमच ऐकला त्यांच्याकडे भरून काढायला काय असणार? म्हणजे तीच खरखर सर्वांच्या कानी सारखी पडली तरी तिचा दंड सर्वांना सारखा बसत नाही. अहवालातील ‘विशेषतः’ हा शब्द या उजेडात आम्ही पुन्हा वाचला.

मग प्रोसेसरला अडकविणारे कोण, याचा शोध सुरू झाला. आम्ही एक नियम केला: एका वेळी एकच बदल, आणि प्रत्येक बदलाची नोंद रजिस्टरमध्ये. पुष्कळ जण तीन-चार गोष्टी एकदम बदलतात. आवाज सुधारतो, पण कशाने सुधारला ते कळत नाही. पुन्हा बिघडला की पुन्हा अंधार. सातव्या आणि तिसऱ्या यंत्रातील मेमरी सारखी, प्रोसेसर सारखा, विंडोज सारखे. मुलांनी दोन्ही यंत्रे शेजारी ठेवून निरखली आणि एका सातवीच्या मुलाने दाखविले की सातव्याच्या मागे डोंगल नाही. वायफायसाठी आम्ही सर्व यंत्रांना स्वस्तातले यूएसबी डोंगल लावले होते. सातव्याचा मोडला होता, दहाव्याला लावायचा राहून गेला होता. तिसऱ्या यंत्राचा डोंगल काढला. खेळ लावला. बाई शब्द गिळेनाशी झाली.

कारण असे आहे. संगणकाला जोडलेल्या प्रत्येक उपकरणाचा एक ड्रायव्हर, म्हणजे त्याला चालविणारी आज्ञावली असते. उपकरणाला तातडीचे काम असले की ड्रायव्हर प्रोसेसरला इतर कामे बाजूला ठेवायला लावतो. या रांगेतील कामांना तांत्रिक भाषेत डीपीसी म्हणतात. चांगला ड्रायव्हर आपले काम सेकंदाच्या हजाराव्या हिश्श्याहूनही कमी वेळात उरकून वाट मोकळी करतो. वाईट ड्रायव्हर कित्येक मिलिसेकंद वाट अडवितो आणि दहा मिलिसेकंदांचा हप्ता चुकतो. डोंगराच्या कुशीत वायफायचे जाळे क्षीण येते. ते निसटले की डोंगल पुन्हा पुन्हा शोध घेतो आणि प्रत्येक शोधात आवाजाची धार तुटते. याची खातरजमा करण्यासाठी ‘लेटन्सीमॉन’ नावाचा एक छोटा कार्यक्रम मिळतो. तो दहा मिनिटे चालू ठेवला की कोणत्या ड्रायव्हरने किती वेळ वाट अडविली याची यादी समोर येते. आमच्या यादीत जाळ्याशी संबंधित फाईल सर्वांत वर होती. मुलांना हा कार्यक्रम खेळाहूनही अधिक आवडला, हे येथे नमूद करण्यासारखे आहे.

वाचकांच्या घरी डोंगलच दोषी असेल असे नाही. लॅपटॉपमधील अंगभूत वायफाय, जुना ग्राफिक्स ड्रायव्हर, नेमक्या खेळाच्या वेळेस चालू होणारी अँटिव्हायरसची तपासणी, असे अनेक संशयित असतात. वायफाय क्षणभर बंद करून खेळ लावून पाहणे ही फुकटची परीक्षा आहे. तीत आवाज सुधारला तर त्या उपकरणाचा नवा ड्रायव्हर उत्पादकाच्या संकेतस्थळावरून घ्यावा. काही वेळा जुनाच ड्रायव्हर बरा चालतो. ध्वनीचा ड्रायव्हरही विंडोजने आपोआप दिलेला आणि मदरबोर्डच्या उत्पादकाने दिलेला, असे दोन्ही बदलून पाहावेत. कंट्रोल पॅनेलमधील ‘पॉवर ऑप्शन्स’मध्ये वीज वाचविण्याचा पर्याय निवडलेला असेल तर प्रोसेसर मंद गतीने चालतो. खेळापुरता ‘हाय परफॉर्मन्स’ निवडावा. आम्ही तर खेळाच्या तासाला डोंगल काढून डब्यात ठेवतो, कारण खेळाला इंटरनेट लागतच नाही.

एवढ्याने सर्व यंत्रे सुधारली असती तर हा लेख येथेच संपला असता. डोंगल काढूनही चार यंत्रांचा आवाज वाईटच राहिला. येथे आम्हांला मुलांच्या भाषेने मदत केली. मराठीत आवाज तडतडतो, फाटतो, घुमतो, गुणगुणतो. हे चार निरनिराळे दोष आहेत आणि तक्रार करणाऱ्याने नेमका कोणता शब्द वापरला ते ऐकले तर अर्धे निदान होते. घुमणे हा तर यंत्राचा दोषच नाही. कोंडाणे लेण्यांच्या सहलीत चैत्यगृहासमोर मुलांनी आरोळी दिली की ती घुमून परत येते. तसे आमच्या कक्षाच्या पत्र्याखालीही थोडे होते. हेडफोन लावला की ते जाते. रायगड जिल्ह्यात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो आणि त्याचा मोठा भाग जुलै-ऑगस्टमध्ये पत्र्यावर आदळतो. त्या दिवसांत स्पीकरवर श्रवणचाचणी घेणेच अन्यायाचे आहे.

पाचव्या यंत्राचा आवाज फाटत होता. मोठा आवाज आला की तो चिरका होई, लहान आवाज स्वच्छ. १६ बिटांची मर्यादा वर सांगितली आहे. संगीताचा आकडा २५,००० आणि त्याच क्षणी शब्दाचा आकडा २०,००० असेल, तर बेरीज ४५,००० होते. पण घर ३२,७६७ चेच. डोक्यावर लाकडाची मोळी घेऊन बुटक्या दारातून जाताना वरची लाकडे चौकटीला खरवडून निघतात, तशी लाटेची माथी कापली जातात आणि गोल लाटेला सपाट शेंडा येतो. कानाला तो आवाज फाटका लागतो. अशा वेळी स्पीकरचे बटण कमी करून उपयोग होत नाही, कारण लाट तेथे पोचण्याआधीच कापलेली असते. खेळाच्या आतील संगीताची पातळी निम्म्यावर आणावी, शब्दांची थोडी अधिक ठेवावी आणि मोठेपणा हवा असेल तो स्पीकरच्या बटणाने घ्यावा. शिवाय ‘साउंड’मधील ‘प्लेबॅक’ येथे आपल्या स्पीकरच्या ‘प्रॉपर्टीज’ उघडल्या तर ‘एन्हान्समेंट्स’ नावाचे पान दिसते. त्यावरील ‘बास बूस्ट’ आणि ‘लाउडनेस’सारखे पर्याय आवाज आधीच फुगवितात. पाचव्या यंत्रावर ते दोन्ही लावलेले होते. मोठा हॉल आहे, मागच्या मुलांना ऐकू जावे, या सदिच्छेने ते कोणी लावले याचा शोध घेतला असता आमचेच नाव निघाले.

त्याच पानाशेजारी ‘ॲडव्हान्स्ड’मध्ये मोजमापांचा वेग निवडता येतो. खेळातील आवाज ४४,१०० वेगाने नोंदलेले आणि चिप ४८,००० वर ठेवलेली असेल, तर प्रोसेसरला दर १४७ आकड्यांपासून १६० आकडे घडवावे लागतात. नव्या संगणकाला हे जड नाही. जुन्या यंत्रावर, जुन्या खेळात, कधी यानेही आवाज खरबरीत होतो. दोन्ही वेग लावून पाहावेत, जो स्वच्छ वाटेल तो ठेवावा. यापलीकडे यात फार काही नाही.

नववे यंत्र पंधरा-वीस मिनिटे उत्तम चाले आणि मग तडतडू लागे. वेळेचा हा नियमितपणाच पुरावा होता. झाकण काढले तेव्हा प्रोसेसरच्या पंख्यावर धुळीची गोधडी निघाली. तापलेला प्रोसेसर स्वतःला वाचविण्यासाठी गती कमी करतो आणि हप्ते चुकू लागतात. यंत्र बंद करून, वायर काढून, मऊ ब्रशने धूळ झाडली, एवढेच.

उरली दोन यंत्रे, दुसरे आणि आठवे. त्यांचा आवाज गुणगुणत होता. खेळ नसतानाही मंद ‘घूं’ ऐकू येई आणि खेळ सुरू होऊन चित्रे वेगाने हलू लागली की त्यात ‘चीं’ असा बारीक स्वर मिसळे. माउस हलविला तरी तो स्वर बदले. हा दोष आकड्यांचा नसून विजेचा आहे. ध्वनीची चिप त्याच पट्टीवर बसलेली असते जिच्यावरून प्रोसेसरची आणि ग्राफिक्सची वीज वाहते. खेळात त्या विजेची ओढ क्षणोक्षणी बदलते आणि तिची चाहूल ध्वनीच्या तारेत उतरते. पेटीच्या पुढील बाजूस असलेल्या सॉकेटपर्यंत एक बारीक तार आतून सर्व गर्दीतून जाते. म्हणून हेडफोन पुढे न लावता मागील हिरव्या सॉकेटमध्ये लावावा. १९९९ पासून रूढ झालेल्या रंगांप्रमाणे हिरवा बाहेर जाणाऱ्या आवाजाचा, गुलाबी मायक्रोफोनचा, निळा आत येणाऱ्या आवाजाचा. पावसाळ्यात सॉकेटच्या पितळी पाकळ्यांवर मळ चढतो. यंत्र बंद असताना पिन आठ-दहा वेळा आत-बाहेर केली तरी बराच फरक पडतो.

मागे लावून ‘चीं’ गेले, ‘घूं’ मात्र राहिले. तो स्वर म्हणजे आपल्या विजेची सेकंदाला ५० कंपने आणि त्यांची दुप्पट. येथे मुलांना थोडा इतिहास सांगण्याचा मोह आम्हांला आवरला नाही. सह्याद्रीच्या माथ्यावरील तलावांचे पाणी सुमारे ५०० मीटर खाली आणून टाटांनी खालापूर तालुक्यात खोपोलीस जलविद्युत केंद्र चालू केले ते १९१५ साली, आणि कर्जत तालुक्यात भिवपुरीस १९२२ साली. त्या विजेवर मुंबईच्या गिरण्या चालल्या. टर्बाइनमधून सुटलेले पाणी आजही पाताळगंगेतून आपल्या डोळ्यांसमोरून वाहते. विजेच्या तारा ज्यांच्या डोक्यावरून गेल्या त्या अनेक वाड्यांत दिवा लागायला मात्र पुढे कित्येक दशके जावी लागली. ज्या मुलांच्या आजोबांनी हे पाहिले, त्यांची नातवंडे आज त्याच विजेची गुणगुण हेडफोनमध्ये शोधीत होती.

दोष सापडला तो भिंतीत. तीन पिनांच्या प्लगमधील जाड व लांब पिन अर्थिंगची असते. ती सर्वांत आधी जोडली जावी आणि सर्वांत शेवटी सुटावी म्हणून लांब ठेवतात. या दोन यंत्रांच्या एक्स्टेंशन बोर्डाचा प्लग दोन पिनांचा होता. अर्थिंग नसले की संगणकाच्या वीजपुरवठ्यातील गाळणीतून अल्पसा प्रवाह लोखंडी पेटीवर येतो. मुले कधीपासून सांगत होती, “सर, डबा चावतो.” आम्ही ते थट्टेवारी नेले होते. तो प्रवाह सूक्ष्म असला तरी ज्या बोर्डाला अर्थिंग नाही त्यावर उद्या दुसरा बिघाड झाला तर पेटीचा स्पर्श जिवावर बेतू शकतो. आवाजाची गुणगुण ही येथे धोक्याची सूचना होती. त्या दिवशी दोन्ही यंत्रे बंद केली. कातळाच्या जमिनीत अर्थिंग मुळातच नीट लागत नाही. खड्ड्यात कोळसा आणि मीठ घालून तो ओला ठेवावा लागतो आणि वैशाखात आमचा खड्डा ठणठणीत कोरडा होता. परवानाधारक वायरमनकडून खड्डा पुन्हा भरून घेतला, बोर्ड बदलले. आता उन्हाळ्यात दर रविवारी एक मुलगा त्यात दोन बादल्या पाणी ओततो. पाळीची यादी कक्षाच्या दारावर आहे.

हे सर्व करूनही अंगभूत चिप साथ देत नसेल तर काही शे रुपयांत यूएसबीचे लहान साउंड कार्ड मिळते. ते पेटीबाहेर असल्याने गुणगुण कमी होते. तडतड मात्र त्याने थांबेलच असे नाही, कारण हप्ते तयार करणारा प्रोसेसर तोच राहतो. आमच्या मते ते शेवटी घ्यावे.

यंत्रे सुधारल्यावर आम्ही तीच श्रवणचाचणी त्याच मुलांना पुन्हा दिली. या वेळी प्रत्येकाने दोनदा दोन वेगळ्या यंत्रांवर खेळावे अशी योजना केली. सर्वांनाच उत्तम गुण पडले असे नाही. काहींचे इंग्रजी खरोखरच कच्चे आहे आणि ते आमचे काम आहे. परंतु वाडीची मुले आणि गावाची मुले असा जो भेद अहवालात दिसला होता तो आमच्या यादीत दिसला नाही. आसनांची जुनी यादी, नवे गुण आणि रजिस्टरची प्रत जोडून आम्ही मूल्यमापन करणाऱ्यांना पत्र पाठविले. त्याचे उत्तर अद्याप आलेले नाही. अहवाल दप्तरात जसा होता तसाच आहे. त्याच्या मागे आमच्या पत्राची स्थळप्रत आम्ही टाचून ठेवली आहे. परिपाठाच्या वेळी मुलांसमोर ही हकीकत सांगितली आणि सही आमची होती हेही सांगितले. ठाकूरवाडीच्या त्या मुलीने घरी जाताना एवढेच विचारले की, आता तिसऱ्यावर बसले तर चालेल का.

एक यंत्र अजून पूर्ण बरे नाही. आठव्यावर, विहिरीवरचा पंप सुरू झाला की हेडफोनमध्ये एक ठक असा आवाज येतो आणि पंप बंद होताना पुन्हा येतो. पंपाची आणि कक्षाची वीज एकाच वायरवरून आल्यामुळे असे होत असावे असा वायरमनचा तर्क आहे. वेगळी वायर ओढायची तर खर्च आहे. तोपर्यंत आठव्या यंत्रावर मुले फक्त टंकलेखन करतात.